सदतीस नंबरची सुरंगी

ग्रामस्थ मंडळ नावाचं प्रकरण ज्यांनी पाहिलं नसेल ते भाग्यवान. गाव कोकणात, माणसं मुंबईत, आणि गावाचा कारभार करी रोडच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. गावात उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विहिरीला कठडा बांधायचा असला तरी पत्र इथे येणार. इथे बैठक भरणार, चहा होणार, अध्यक्ष बोलणार, सेक्रेटरी अध्यक्षांचं बोलणं दुरुस्त करणार, आणि कठडा पुढच्या वर्षावर जाणार. विद्यापीठाच्या समित्यांवर माझं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे मूर्खपणाचं मला वावडं नाही. पण 'वडघोळ ग्रामस्थ मंडळ, मुंबई' पाहिल्यावर विद्यापीठातली माणसं मला विचारवंत वाटायला लागली.

तरी मी तिथे गेले. क्षितिजासाठी गेले, असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते.

माझं नाव राजलक्ष्मी. परळच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं विभागप्रमुख होते. राहते गिरगावात, पाच पिढ्या तिथेच. आमची जात मूठभर, मुंबईतली जुनी. लग्नाच्या पंगतीत कोणावरही बोट ठेवा, तो दोन बाजूंनी तुमचा नातेवाईक निघतो. माझं लग्न झालं नाही, कारण सांगून आलेल्या तिघांपैकी दोघांना मी लहानपणापासून दादा म्हणत आले होते आणि तिसरा निव्वळ ठोंब्या होता. याचं मला दुःख नाही. लोकांना ते झालेलं मी पाहिलंय.

क्षितिजा ही माझी शेवटची विद्यार्थिनी. मी निवृत्त झाले तेव्हा तिची पीएचडी अर्ध्यावर होती, म्हणून मार्गदर्शक म्हणून माझंच नाव राहिलं. मुलगी करी रोडची. आजोबा गिरणीत होते, वडील बँकेत शिपाई. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते मान खाली घालून. मला हा गुण वाटायचा नाही. मला वाटायचं, हिला माझ्यासारखं ठणकावून बोलायला शिकवलं पाहिजे.

तिचा विषय तिच्याच गावातला होता. वडघोळला देवाची राय आहे. देवाच्या नावाने राखलेलं पावणेदोन एकरांचं रान. त्यातली काडी मोडायची नाही, आणि बाहेरचं काही त्यात लावायचं नाही. पूर्वी एका गावाच्या रायीपासून दुसऱ्या गावाच्या रायीपर्यंत मधे सलग जंगल होतं. आता चारी बाजूंनी काजू, पलीकडे हापूसची कलमं, त्याच्याही पलीकडे कोणा बाहेरच्याने जमीन घेऊन लावलेला रबर. या सगळ्याच्या मधे राय तेवढी उरली आहे. त्या रायीत सुरंगीची सदतीस झाडं होती. सुरंगी ज्यांना ठाऊक नाही त्यांना वास वर्णन करून सांगण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये दादरच्या फुलबाजारात पिवळ्या कळ्यांचा वळेसर दिसला तर थांबा, एवढंच सांगते.

क्षितिजाने सदतीसही झाडांना नंबर घातले, पानं आणली आणि प्रयोगशाळेत त्यांची कुळं काढली. जे निघालं ते भयंकर होतं. छत्तीस झाडं एकाच घरातली. एक म्हातारी सुरंगी, आणि बाकीची पस्तीस तिची पोरं, नातवंडं, पतवंडं, तीही आपापसांत झालेली. काजूवर आणि कलमांवर एवढी फवारणी होते की मधमाश्या ते ओलांडून येत नाहीत. बाहेरचे पराग बंद झाले. फुलं लाखांनी यायची, फळंही धरायची, पण फळ फोडलं की आत बी पोचट. चाळीस वर्षांत रायीत सुरंगीचं एक नवं रोप उभं राहिलेलं नव्हतं. वरून बघाल तर काय दाट, काय हिरवी! मंडळाच्या कॅलेंडरवर दर वर्षी तिचा फोटो. आतून ती केव्हाच संपत आली होती.

उरलं सदतीस नंबर. रायीच्या कडेला, रस्त्यालगत उभं, वय पन्नास-साठ. त्याचं कूळ बाकी एकाशीही जुळेना. मी क्षितिजाला फाडून खाल्लं. "नळ्यांची अदलाबदल केलीस," म्हटलं, "चार वर्षं काय गवत उपटत होतीस?" तिने वाद घातला नाही. गावी गेली, पुन्हा पानं आणली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नळ्यांवर मी स्वतः नंबर घातले, आणि तेच आलं. मी तिची माफी मागितली नाही. माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग जुळणी लागली. डोंगरापलीकडे, वडघोळपासून चौदा किलोमीटरवर चिरेपाट नावाचं गाव आहे. तिथल्या रायीत तीन सुरंग्या होत्या. पहिल्या वर्षी क्षितिजाने त्यांचीही पानं घेऊन ठेवली होती, आणि सदतीस नंबर निघालं नेमकं त्या घरातलं. दुसऱ्या वर्षी चिरेपाटची ती जमीन रबरवाल्याकडे गेली आणि तिन्ही झाडं पडली. म्हणजे चिरेपाटच्या सुरंगीचं उरलेलं हे एकच झाड, आणि वडघोळच्या छत्तीस जणींना उरलेला हा एकच परका. पण ते फुलायचं बाकीच्यांच्या दहा दिवस आधी. चिरेपाटची जातच तशी लवकर फुलणारी. याचे पराग तयार असायचे तेव्हा बाकीच्या कळ्या मिटलेल्या. उपाय एकच, कोणीतरी ते पराग डबीत धरून दहा दिवस थंड जागी जपायचे, मग शिडी लावून ब्रशने एकेका फुलावर लावायचे, आणि वर कागदी पिशवी बांधायची. आदल्या मार्चमध्ये क्षितिजाने अकरा फुलांवर करून पाहिलं. नऊ फळं धरली. तपासायला ती फोडावी लागली, तर नऊच्या नऊ बिया टच्च भरलेल्या.

तेव्हा प्रश्न साधा होता. येत्या मार्चमध्ये तीनशे फुलं करायची. ती झाली तर चाळीस वर्षांनी रायीत रोपं उगवणार. नाही झाली तर सुरंगी तिथून जाणार, आज नाही तर पन्नास वर्षांनी, पण जाणारच. ते सदतीस नंबरवर अवलंबून होतं. आदल्या वर्षी रायीचा गुरव भिवा याने गुपचूप सोडलं होतं. त्याचा बभ्रा मुंबईपर्यंत गेला आणि त्याला फोनवर झाडण्यात आलं. आता मंडळाची लेखी परवानगी हवी होती, आणि मंडळाने सांगितलं होतं, "तुमच्या मोठ्या मॅडमना घेऊन या."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही परळहून चालत निघालो. करी रोडच्या पुलावर क्षितिजा थांबली.

"मॅडम, एक सांगू? सदतीस नंबर बाहेरून आलंय, ते तिथे काढू नका."

"का? तोच तर तुझा शोध आहे."

"अर्जात मी फक्त लिहिलंय की फुलांना पिशव्या बांधणार, मधमाश्या मोजणार. तेवढ्यावर देतील ते. रायीत बाहेरचं लावणं म्हणजे देवाचा गुन्हा. कोणी लावलं याची चौकशी निघेल, आणि एकदा निघाली की ही माणसं कुठे थांबतील, सांगता येत नाही."

"शास्त्रात लपवाछपवी करायची नसते, क्षितिजा."

"लपवायचं नाही, मॅडम. फक्त बोलायचं नाही."

"बरं," मी म्हटलं. लहान मुलाला म्हणतात तसं.

मंडळाची खोली म्हणजे जुना गाळा. पूर्वी गिरणीत लागलेली गावची पोरं इथे पाळीपाळीने झोपायची. आता भिंतीवर देव आणि त्याखाली कार्यकारिणीचे फोटो, देवापेक्षा मोठे. चटईवर चौदा पुरुष. बाईमाणूस एकही नाही. मंडळात बायकांनी चहा करावा अशी घटना आहे, ती शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कमळाबाई पाळत होत्या. पंच्याहत्तरीपुढची सुकलेली बाई, उंबऱ्याबाहेर उभी राहून कप आत देणारी. अध्यक्ष कुशाबा ऐंशीचे, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. हळू बोलायचे, म्हणजे वाक्याच्या मध्यावर आपण घड्याळ पाहून यावं इतकं हळू. आणि सेक्रेटरी हितेंद्र. चाळी पाडून टॉवर उभे करणाऱ्यांसाठी भाडेकरूंच्या सह्या गोळा करणं हा त्याचा धंदा. गावाची परंपरा, संस्कृती, अस्मिता हे शब्द त्याच्या तोंडात अर्ध्या मिनिटाला एकदा यायचे. मंडळाच्या लेटरहेडवर डावीकडे देव आणि उजवीकडे हा.

मला बसायला एकुलती एक खुर्ची दिली. मी तिच्यावर बसून चौदा डोक्यांकडे वरून पाहिलं. मला ते आवडलं, हे कबूल करते.

पहिला विषय बस. जत्रेला लालबागहून दोन बसगाड्या भरून हे सगळे गावी जातात. बस देवळापर्यंत येते, पण तिला वळायला जागा नाही, म्हणून ती अर्धा किलोमीटर मागे उभी करावी लागते, आणि या वीरांना अर्धा किलोमीटर चालावं लागतं. वर्षातून दोन दिवस! त्यावर उपाय म्हणजे रस्त्याकडची सुरंगी तोडून जागा मोकळी करायची. क्षितिजाचा गुडघा माझ्या खुर्चीच्या पायाला लागला. रस्त्याकडची सुरंगी म्हणजे सदतीस नंबर.

"पण कौल नाही ना मिळत," हितेंद्र म्हणाला. "दोन वर्षं ट्राय करतोय आपण."

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव देवाच्या दगडाला दोन बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही वर्षी डावी पडली होती. हितेंद्रने भिवाला फोन लावला, स्पीकरवर.

"भिवा, परत एकदा लाव ना रे कौल."

"कितीदा लावू?" पलीकडून आवाज आला. "देवाचां झाड तां. देव नाय म्हणता. माझ्या हातात काय आसा?"

"देवाच्या झाडाक हात लावचो नाय," कुशाबा म्हणाले. "इषय संपलो."

आणि खरंच संपला. त्या दगडाला हितेंद्रपेक्षा जास्त अक्कल आहे, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यावर मी घरी जायला हवं होतं.

मग आमचा अर्ज. क्षितिजा उठून उभी राहिली, मान खाली घालून सगळं सांगितलं. किती पिशव्या, किती दिवस, शिडी कोणाची, चपला बाहेर काढू, विटाळात जाणार नाही. तिचं ते शेवटचं वाक्य ऐकून माझा जीव जळला. चार वर्षं मी हिला काय शिकवलं! पण कुशाबांनी मान डोलावली.

"पोर आपलीच आसा," ते म्हणाले. "माश्यो मोजता तर मोजूंदे. कोणाचा काय जाता?"

झालं होतं. परवानगी मिळाली होती. हितेंद्रने लेटरहेड काढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि मग, काहीतरी बोलल्याशिवाय पेन चालत नाही अशा जातीचा माणूस तो, माझ्याकडे बघून हसला.

"मॅडम, एक कंडिशन. पुस्तकात छापा, की वडघोळची राय अस्सल आहे. अकराशे वर्षांत बाहेरचं एक पान आत आलेलं नाही. प्युअर. त्या चिरेपाटवाल्यांसारखी आमच्यात भेसळ नाही. आता तुम्ही गिरगावातल्या, तुम्हाला ते नाही कळणार. हे रक्तात असावं लागतं."

मला रक्ताबद्दल सांगत होता. मला! सह्या गोळा करणारा दलाल, मला, जिच्या हाताखालून तीस वर्षं झाडांची रक्तं गेली.

"रक्त ना?" मी म्हटलं. "काढ गं तो तक्ता."

क्षितिजाने तक्ता काढला नाही. "मॅडम," ती हळू म्हणाली. तिने माझ्या दंडाला हात लावला. मी तो झटकला, तिच्या पिशवीतून तक्ता ओढून घेतला आणि चटईवर पसरला. आणि मग मी शिकवलं. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी शिकवलं नव्हतं. चौदा ठोंब्यांना कळेल इतकं सोपं.

"ही तुमची अस्सल छत्तीस झाडं. सगळी एका आईची. बहीणभावांनी आपसात संसार थाटलेत, त्यांच्या पोरांनी पुन्हा आपसात. भावकीत लग्न म्हटलं की तुम्ही कोयता काढता ना? तुमच्या देवाच्या रायीत दोनशे वर्षं दुसरं काही चाललेलंच नाही. म्हणून बिया पोचट. तुमची शुद्धता म्हणजे ही. आणि हे बघा, हे एक. सदतीस नंबर, रस्त्याकडचं. अख्ख्या रायीत एवढंच धडधाकट. का? कारण ते तुमचं नाही. चिरेपाटचं आहे. शंभर टक्के बाहेरचं. कोणीतरी आणून लावलंय. तुमच्या अकराशे वर्षांच्या नाकाखाली!"

हितेंद्रचं तोंड उघडं राहिलं होतं. बाहेर उंबऱ्याशी कमळाबाईंच्या हातातला ट्रे वाजला. मी खुर्चीत मागे टेकले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

कुशाबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "म्हणजे रस्त्याकडची सुरंगी देवाची नाय?"

"अजिबात नाही."

"नक्की?"

"तीनदा तपासलंय. नळ्यांवर नंबर मी घातलेत."

"लेखी देशात?"

मला वाटलं, म्हातारा हरला आणि हार लिहून मागतोय. हितेंद्रने लेटरहेड पुढे सरकवलं. मी त्यावर, देव आणि हितेंद्र या दोघांच्या मधल्या जागेत, माझ्या शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात लिहिलं की सदतीस क्रमांकाचे झाड वडघोळच्या रायीतले मूळ नसून बाहेरून आणलेले आहे. खाली सही, पदवी, माजी विभागप्रमुख, तारीख.

कुशाबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला. मग मांडी बदलली.

"देवाचां नाय, तर देवाक कित्याक इचारूचां?" ते म्हणाले. "हितेंद्र, भिवाक फोन लाव. झाड काढूक सांग."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. खरंच कळलं नाही. क्षितिजाला कळलं होतं. ती चटईवर गुडघ्यांवर बसली होती.

"तात्या, तेच झाड पायजे माका," ती कुशाबांना म्हणाली. "बाकीच्यांक त्याचेच पराग लावचे आसत. तां गेलां तर राय जातली, तात्या."

"बाकीची छत्तीस तुझी, बाय. पिशव्यो बांद, माश्यो मोज. परवानगी दिली ना मंडळान? भायरच्या झाडासाठी कित्याक रडतंस?"

"तुम्हाला समजलेलं नाही," मी उठून उभी राहिले. "मी सांगितलं त्याचा अर्थ असा नाही. ते बाहेरचं आहे म्हणूनच तर…"

"समजलं ना मॅडम," हितेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, तेच वाईट होतं. "एवढं सोपं करून आजपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं अडकलो होतो आम्ही."

आणि फोन लावला. करवतवाला गावातच होता, कोणाची तरी काजूची बाग साफ करत होता. उद्या सकाळी, असं ठरलं. मी ओरडले. वनखातं, कायदा, वर्तमानपत्रं, सगळं बोलून पाहिलं. जमीन देवस्थानची, कागद माझ्या सहीचा. चौदा जण माझ्याकडे आदराने बघत होते. इतका आदर मला कॉलेजात कधी मिळाला नाही. क्षितिजाला दिलेली परवानगी हितेंद्रने नीट घडी घालून पाकिटात घातली आणि तिच्या हातात दिली.

ती त्याच संध्याकाळच्या बसने गावी गेली. मी येते म्हटलं. ती "नको" म्हणाली. पोचली तेव्हा झाड आडवं होतं आणि फांद्या जत्रेच्या जेवणाला लाकूड म्हणून रचून ठेवल्या होत्या. कळ्यांत अजून पराग धरलेले नव्हते. तिने काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि बावीस कलमं बांधली. होळीपर्यंत बावीसही वाळली. हे सगळं मला प्रयोगशाळेतल्या शिपायाकडून कळलं. क्षितिजाने मला फोन केला नाही. तिने विद्यापीठाला पत्र लिहून मार्गदर्शक बदलून घेतला, आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. चांगल्या घरची मुलगी.

एप्रिलमध्ये मंडळाचं पाकीट आलं. देवळासमोरच्या नवीन 'वाहनतळा'चं उद्घाटन. आपल्या अमूल्य शास्त्रीय मार्गदर्शनामुळे दीर्घकाळ प्रलंबित प्रश्न मार्गी लागला, तरी प्रमुख पाहुण्या म्हणून उपस्थित राहून शाल-श्रीफळ स्वीकारावे. डावीकडे देव, उजवीकडे हितेंद्र. मी ते पत्र त्याच्या तोंडावर मारायला निघाले. वाटेत वाक्यं जुळवत होते, आणि ती चांगली जुळत होती.

मंडळाच्या खोलीला कुलूप होतं. शेजारचं दार उघडं होतं. कमळाबाई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि "येवा," म्हणून पाट सरकवला. त्या खोलीत खुर्ची नव्हती. मी पाटावर बसले. त्यांनी चहा ठेवला.

"क्षितिजा येते का इकडे?" मी विचारलं.

"येता. तुमच्याबद्दल काय बोलणा नाय."

मला ते झोंबलं. मी मंडळाला शिव्या घालायला सुरुवात केली. अडाणी, आंधळे, बसच्या वळणासाठी देवाचं रान विकणारे. कमळाबाई तांदळातले खडे काढत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तां झाड मिया लायलंय," त्या म्हणाल्या.

"सदतीस नंबर?" मी विचारलं.

"मी चिरेपाटची. लगीन होऊन वडघोळाक इलंय तेव्हा आवशीन ओटीत तांदळाबरोबर सुरंगीची बी घातल्यान. आमच्याकडे घालतत. थय जावन लाव, फुलला काय माका बरां वाटात, म्हणाली. परड्यात लायलंय असतां तर सासून उपटून टाकलां असतां. म्हणान पहाटेक उठान रायीच्या कडेक घातलंय. देवाच्या रायीत कोण उपटीत?" त्या जराशा हसल्या. "मगे मुंबैक इलंय. आमी जातंव मे म्हयन्यात आणि चवथीक. सुरंगी फुलता शिमग्याच्या आदी. इतक्या वर्सांत फुललेली दोनदाच बघलंय. एकदा सासरो गेलो तेव्हा, एकदा घोव गेलो तेव्हा."

"क्षितिजाला माहीत होतं?"

"तिका मियाच सांगलंय. ती इचारीत इली, काकी, तुमी चिरेपाटच्या ना म्हणान. कोणाक सांगूचंय नाय अशी माझी शपथ घेतल्यान पोरीन. तिणा पाळल्यान."

चहा उकळून वर आला. त्यांनी स्टोव्ह बंद केला, गाळला, कप माझ्यासमोर ठेवला. मग प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. बाजारात सडकं वांगं बाजूला काढताना बघतात तसं.

"मिया सत्तावन वर्सां गप ऱ्हवलंय, बाई," त्या म्हणाल्या. "तुमका पाच मिन्टां जमलां नाय?"